विशाखाचं संचलन आणि आमच्या टीव्हीतल्या मुंग्या

निपाणी
ता. २ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप दाजी आणि आक्का यांना,

कृष्णाताचा, जयाचा आणि (चूल सोडून मुद्दाम दारापर्यंत येऊन सांगितल्याप्रमाणे) आईचा मनापासून जयभीम.

इकडं सगळी बरी आहेत. आईचा खोकला थंडीबरोबर आला, तो थंडीबरोबर जाईल असं ती म्हणते. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढलेल्या बाईला खोकल्याबद्दल आम्ही काय सांगायचं? तिकडं सूनबाई आणि बाळ कसे आहेत? गुंजीला जंगलामुळं थंडी जास्त, तेव्हा बाळाचं डोकं उघडं ठेवू नका (हे आईनं लिहायला सांगितलंय, आणि ‘लिवलंस का?’ म्हणून दोनदा विचारूनही गेली). आक्का, बाळ गाडीची शिट्टी ऐकली की रडायचं थांबतं, असं तू लिहिलंस. दाजी स्टेशनात नोकरीला असल्याचा घराला झालेला हा पहिलाच फायदा म्हणायचा. पण तुमच्याकडं गाड्या अशा किती थांबतात? मधल्या वेळात दाजींनाच शिट्टी फुंकत बसावं लागत असेल, या काळजीनं जयाला परवा हसू आवरेना.

आता मुख्य विषय. दाजी, तुमचं पत्र पोचून तीन आठवडे झाले. तुम्ही लिहिलं होतं की रजा मिळत नाही, आक्का बाळंतिणीला सोडून हलू शकत नाही, गुंजीत टीव्ही कुणाकडं नाही. तेव्हा सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या संचलनात आपली विशाखा एनसीसीच्या मुलींत चालेल, ती आमच्या वतीनं तुम्ही नीट बघा आणि सविस्तर कळवा. वर तीन प्रश्न घातले होते. एक, दिसली का? दोन, कितव्या रांगेत होती? तीन, पाय बरोबर पडत होता का? (तिसरा प्रश्न वाचून जया म्हणाली, बापाचं काळीज आहे की रेल्वेची तपासणी?) या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ आहेत. पण नुसती उत्तरं दिली तर ती कशी मिळवली हे तुम्हाला कळणार नाही, आणि माझा उजवा खांदा अजून का दुखतो हेही कळणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

टीव्ही आम्ही घेतला तोच मुळी विशाखासाठी. तिची निवड झाल्याचं तुमचं कार्ड आलं, ते मी आईला वाचून दाखवलं. आईनं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं (वाचता येत नाही, तरी करते), आणि म्हणाली, “मला ती पोरगी चालताना बघायची हाय.” दाजी, या बाईनं मला उभ्या जन्मात कधी काही मागितलेलं नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात लुगडं आणलं, तेसुद्धा ‘कशाला आणलंस’ म्हणून चार महिने घडी मोडली नव्हती. विशाखा लहानपणी सुट्टीला इथं यायची, तेव्हा सकाळी आईच्या मागोमाग वखारीच्या फाटकापर्यंत जायची. फाटकावरचा मुकादम तिला तिथूनच परत पाठवायचा. ती येताना रडत यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. तीच पोरगी आता दिल्लीच्या त्या मोठ्या रस्त्यावरून चालणार, म्हटल्यावर टीव्ही आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वीस इंची, काळापांढरा, लाकडी पेटीचा, चार पायांचा आणि पुढं सरकणाऱ्या दारांचा असा संच डिसेंबरच्या शेवटी घरी आला. अँटेना मी स्वतः गच्चीवर चढवला. पहिले दहा-बारा दिवस त्यानं काही त्रास दिला नाही. बातम्यांची बाई ‘नमस्कार’ म्हणाली की आई आतून ‘जयभीम, बाई’ म्हणायची. बातम्या हिंदीत, त्यातल्या निम्म्याच तिला कळतात. पण बाईच्या कपाळाला आठी पडली की ‘गप्प बसा, काय तर वंगाळ झालंय’ असं आम्हाला दटावून ती भाकरी थापायची थांबायची. जानेवारीची बारा-तेरा तारीख असेल. त्या संध्याकाळी त्या बाईच्या तोंडावर मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या वाढल्या आणि बाई कमी झाली. तिसऱ्या दिवशी बाई पुरी गेली. नुसता आवाज मात्र खणखणीत यायचा, जसा काही मुंग्यांच्या वारुळातून कुणी बातम्या देतंय.

आता, मी वीज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि खरी अडचण तिथंच झाली. अकरा हजार व्होल्टच्या तारेशी माझा रोजचा संबंध. पण टीव्हीच्या पेटीत काय असतं, याची मला दाजी तुमच्याइतकीच माहिती. हे कबूल करायची मात्र सोय नव्हती. मधाळे साहेबांच्या घरचा टीव्ही मधाळे साहेबांना दुरुस्त होत नाही, अशी बातमी बाहेर गेली असती तर गल्लीतल्या लोकांनी उद्या घराचे फ्यूजसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घेतले असते. म्हणून पहिले दोन दिवस मी कमरेवर हात ठेवून टीव्हीकडं नुसता गंभीरपणे बघत उभा राहिलो. त्यानं गुण आला नाही.

मग जयानं संचाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. ती शाळामास्तरीण, तेव्हा पुस्तक म्हटल्यावर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ‘सर्वप्रथम संच विजेला जोडला असल्याची खात्री करा,’ हे वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं प्रश्नार्थक बघितलं. दारात शेजारचे मल्लाप्पा उभे, पलीकडचा जोतिबा शिंपी उभा, त्यांच्या देखत वीज खात्याच्या इंजिनिअरनं भिंतीपाशी जाऊन बटण चालू आहे का ते बघितलं आणि ‘चालू आहे’ असं सांगितलं. जयानं लाल पेन्सिलीनं खूण केली. अशा एकंदर चौदा खुणा झाल्या. चौदापैकी चौदा मार्क मिळवूनही टीव्हीतल्या मुंग्या होत्या तिथंच राहिल्या.

मल्लाप्पा आणि जोतिबा यांची ओळख करून देतो, कारण आक्का इथून गेली तेव्हा हे दोघंही गल्लीत राहायला आले नव्हते. मल्लाप्पा म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज अजून भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि घाई झाली की पुन्हा कानडी. जोतिबा अंगानं बारीक, बोलण्यात चिवट. दाजी, आपली निपाणी कुठल्या बाजूला असावी यावर मोठमोठ्या माणसांनी डोकी शिणवली आहेत. आमच्या गल्लीत तो प्रश्न अँटेनाच्या रूपानं उभा राहिला. मल्लाप्पांचं म्हणणं, अँटेनाचं तोंड बेळगावकडं पाहिजे. “कोल्हापूरकडं बघून काय मिळतंय री, साहेब?” जोतिबा म्हणाला, “आजवर मिळालं ते तिकडनंच मिळालंय.” मी दोघांना समजावून सांगितलं की बाबांनो, कोल्हापूरच्या केंद्रावरून काय आणि बेळगावच्या केंद्रावरून काय, येते ती दिल्लीच, आणि तीही हिंदीत. दोघं एकदमच म्हणाले, “तरीबी.”

त्या दिवसापासून मी सकाळी ऑफिसला जाताना अँटेनाचं तोंड कोल्हापूरकडं असायचं, आणि संध्याकाळी येऊन बघतो तो बेळगावकडं. कोण फिरवतं ते कुणीच कबूल करेना. मल्लाप्पा म्हणाले वारा असेल. जोतिबा म्हणाला, कानडी वारा असेल. मुंग्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच होत्या, कुणाच्या बाजूला एक कमी नाही की जास्त नाही. यावरून कुठल्याही शहाण्या इंजिनिअरला काही सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

एकवीस तारखेला चिकोडीहून भरमूला बोलावलं. भरमूचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, हात चांगला म्हणून ख्याती. त्यानं टीव्ही पालथा घातला, मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. (टीव्ही आतून आपण पहिल्यांदाच बघितला हे त्यानं चहा प्यायल्यावर सांगितलं.) आई तेवढ्यात पुढं झाली, पदर सावरून वाकली आणि टीव्हीच्या पोटात नाक घालून तिनं दोनदा वास घेतला. वखारीत तंबाखूच्या गठ्ठ्याला कुठं ओल लागली, कुठं ऊब धरली, हे ती नुसत्या नाकानं सांगायची हे तुम्हाला ठाऊक आहेच. “यातलं काय जळल्यालं न्हाय,” ती म्हणाली. “डब्याला काय बी झालं न्हाय. झाक त्येला.” जया आणि मी, आम्ही दोघं शिकलेली माणसं हसलो. भरमूनं ब्रश फिरवला, कुठंतरी स्क्रू पिळला, कुठंतरी सैल केला आणि झाकण लावलं. एक स्क्रू हातात उरला. कंपनी एखादा जास्तीचा घालते, असं त्यानं सांगितलं.

भरमू गेल्यावर टीव्ही लावला. मुंग्या होत्या तशाच होत्या, पण आता त्या एका जागी थांबेनात. खालून वर पळत सुटल्या. मुंग्यांच्या मागं बातम्यांची बाई अंधुक दिसत होती, तिचे खांदे वरच्या अंगाला आणि डोकं खालच्या अंगाला. आईला बघवेना. “बंद कर रं, तिला तरास हुतोय,” म्हणून तिनं स्वतः उठून पेटीची दारं ओढली. भरमू दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आदल्या दिवशी पिळलेला स्क्रू उलटा पिळून गेला, आणि आम्ही होतो तिथं परत आलो. तारीख तेवढी बावीस झाली होती.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. बूस्टर आणून बसवला. त्यानं मुंग्या टपोऱ्या झाल्या. स्टॅबिलायझर बसवला, तो घूं घूं करायला लागला. पंचवीस तारखेला दुपारी आईनं टीव्ही पदरानं पुसला, त्याची दारं उघडली, आत बघितलं आणि पुन्हा लावली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सव्वीसला सकाळी ऑफिसचं झेंडावंदन उरकून मी घरी आलो तर अंगणात चपलांचा ढीग. आई ते पहिल्या पगारातलं लुगडं नेसून टीव्हीच्या पुढं सतरंजीवर अगदी मध्यात बसलेली. तिच्या वखारीतल्या जुन्या सोबतिणी, बायाक्का आणि अंबुबाई, दोन्ही बाजूंना. मागं जोतिबाचं घर, मल्लाप्पांचं घर, आणि ज्यांची नावं मला अजून माहीत नाहीत अशी माणसं. टीव्ही लावलेला. आवाज सुरेख येत होता. बँड वाजत होता, टापा वाजत होत्या, निवेदक रणगाड्यांचं कौतुक करत होता, आणि पडद्यावर मुंग्या. सगळी माणसं त्या मुंग्यांकडं इतक्या आदरानं बघत होती की मी आत न जाता तसाच शिडी लावून गच्चीवर चढलो.

निरोप पोचवायची व्यवस्था अशी ठरली: आतून कुणीतरी जयाला सांगायचं, जया खिडकीत उभी राहून अंगणातल्या मल्लाप्पांना सांगणार, आणि मल्लाप्पा मला. मी अँटेना हलवला. आतून ‘आलं’ असा गलका, जयाचं ‘आलं’, मल्लाप्पांचं ‘बंतु, बंतु!’ आणि ते माझ्यापर्यंत येईतो आत गेलेलं असायचं. मग ‘गेलं’, ‘गेलं’, ‘होतु!’ (जया मूळची साताऱ्याकडची, ‘होतु’ म्हणजे कानडीत ‘गेलं’, हे तिला कळायला बराच वेळ लागला. मल्लाप्पा काहीतरी ‘होतं’ म्हणताहेत अशा समजुतीनं ती ‘काय होतं? काय होतं?’ म्हणून ओरडत होती.) शेवटी दोन्ही हातांनी खांब नीट धरावा म्हणून मी एक पाय पाण्याच्या टाकीवर आणि एक पाय कठड्यावर ठेवला, डाव्या हातानं खांबाला मिठी मारली आणि उजव्या हातानं वरच्या बाजूला घट्ट धरलं. त्याबरोबर आत असा आरडाओरडा झाला की कावळे उडाले. चित्र आलं होतं. काचेसारखं.

मी हात सोडला. गेलं. हात धरला. आलं. असा प्रयोग तीनदा झाला. मग मी जसा आहे तसाच, तिथंच उभं राहावं, असं आतल्या सगळ्यांचं मत पडलं. मल्लाप्पा आणि जोतिबा यांचं एकमत झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दाजी, चाळीस मिनिटं मी त्या खांबाला धरून होतो. तुम्ही दिल्ली विचारता, मी तुम्हाला निपाणी सांगतो. वखारींचे पत्रे उन्हात चमकत होते. हमरस्त्यावरून ट्रक जात होते. आमच्या ऑफिसवरचा झेंडा दिसत होता, वारा पडला की खाली येत होता आणि आला की उठत होता. अँटेनाच्या टोकावर एक कावळा परत येऊन बसला आणि माझं निरीक्षण करायला लागला. खालून आमचे मोठे साहेब स्कूटरवरून जात होते, ते थांबले. “मधाळे, सुट्टीच्या दिवशी वर काय करताय?” मी म्हटलं, “परेड, सर.” त्यांनी बराच वेळ वर बघितलं, काहीतरी विचार केला आणि स्कूटर सुरू करून निघून गेले.

आतून एकेका तुकडीला टाळ्या पडत होत्या. मला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. मल्लाप्पांना आता निरोप पोचवायचं काम उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी माझ्या पायांचं वर्णन करायला घेतलं, तेही पूर्वीच्या त्या भरल्या गाडीच्या आवाजात. “साहेबांचा डावा पाय सरकला री! आता सावरला! आता उजवा थरथरायलाय!” मी वरून ‘गप्प बसा’ म्हणून ओरडलो, तर “ओरडायलाय, म्हणजे शुद्धीवर हाय!” असं त्यांनी आत कळवलं.

आणि मग निवेदकाच्या आवाजात ‘एनसीसी’ हा शब्द मला वरपर्यंत ऐकू आला. आत एकदम शांतता. बँडचा ठेका तेवढा येत होता. आणि त्या शांततेत आईचा आवाज उठला, असा मी तो कधी ऐकला नव्हता: “दिसली! दिसली रं कृष्णा! आपली इशाखा दिसली! उतर खाली!” मी ओरडलो, “आई, अजून दोन मिनिटं! तुकडी पुरी जाऊ दे!” ती म्हणाली, “गेली पुरी! उतर म्हंते न्हवं!” तिच्यामागोमाग सगळे ‘दिसली, दिसली’ करायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. मी तरीही सोडलं नाही. सगळ्या मुली नजरेआड होईतो धरायचंच असं मी ठरवलं होतं, आणि धरलं.

खाली उतरलो तर आईनं दारातच माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. रडत होती. बायाक्का रडत होत्या, अंबुबाई रडत होत्या, जोतिबा डोळे पुसत होता. जया माझ्या हाताला तेल चोळायला लागली. आईनं त्या दिवशी मोठ्या पातेल्यात गव्हाची खीर केली आणि सगळ्यांना खायला घातली. मल्लाप्पांनी तीन वाट्या खाल्ल्या.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पहिलं: दिसली. दुसरं: आईच्या मते तिसऱ्या रांगेत, कडेची, हनुवटी वर. जोतिबाच्या मते दुसरी रांग. तो म्हणतो की पोरीचे झंपर लहानपणी मीच शिवलेत, खांद्याचं माप मी ओळखणार नाही का? (तो गल्लीत आला तेव्हा विशाखा हायस्कूलला होती आणि तिचे कपडे तुम्ही खानापूरला शिवून घेत होता, पण मी मध्ये बोललो नाही.) मल्लाप्पा म्हणतात, मागून चौथी. मल्लाप्पा अंगणात होते, त्यांना टीव्ही दिसतच नव्हता. तेव्हा दुसरी ते चौथी यांच्या दरम्यान कुठंतरी, असं धरून चाला. तिसरं: पाय अगदी बरोबर पडत होता. यावर दुमत नाही.

आई रोज दुपारी कुणाला ना कुणाला ही हकिकत सांगते. दोन दिवसांपूर्वीपासून त्या हकिकतीत एक भर पडली आहे, की विशाखानं चालता चालता मान वळवून आईकडं बघितलं. मी सांगून बघितलं की आई, ती सलामी असते, सगळ्याच मुली राष्ट्रपतींकडं मान वळवतात. “मला काय करायचंय?” ती म्हणाली. “वळीवली का न्हाय?”

तर दाजी, काळजी नसावी. तुमच्या लेकीनं नाव काढलं आणि आम्ही ते डोळे भरून बघितलं. आक्काला सांगा, पोरगी जरा वाळल्यासारखी वाटली (आईचं निरीक्षण). बाळाला आणि सूनबाईला आशीर्वाद. इथं सगळ्यांच्या तोंडी तुमचीच नावं आहेत.

तुमचा,
कृष्णात

ता. क. : वरचं लिहून झालं आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी सहज गच्चीवर गेलो. ऑफिसात गेले आठ दिवस मी सगळ्यांना समजावून सांगत होतो की माणसाचं शरीर हेच मुळी एक अँटेना असतं. माझ्या हाताखालच्या दोघांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. ज्या जागी मी हात धरला होता तिथं बघितलं. टीव्हीची चपटी वायर खाली पुरत नव्हती म्हणून डिसेंबरात मी तिला तिथं दुसरा तुकडा जोडला होता. वरची काळी पट्टी सोडली, तर आतली तार पिळल्या जागी तुटलेली. माझ्या मुठीनं ती दाबली जायची तेवढ्यापुरती चिकटत होती. दोन मिनिटांत नवा जोड मारला. टीव्ही उत्तम चालतो. अँटेनाचं तोंड सध्या कोल्हापूरकडं आहे की बेळगावकडं, हे मी बघितलं नाही आणि बघणारही नाही. ही गोष्ट तुमच्याजवळ ठेवा. तुमचे निपाणीचे कुणी रेल्वेवाले मित्र असतील तर त्यांच्याजवळही बोलू नका.

ता. क. दुसरा (३ तारीख, सकाळी) : पाकिटात घालण्याआधी पत्र आईला वाचून दाखवावं लागतं, तसं आज दाखवलं. ती मेथी निवडत होती. ‘तिसऱ्या रांगेत, कडेची, हनुवटी वर’ इथं आलो तर तिचा हात थांबला. म्हणाली, “त्येवढं खोड.” मी विचारलं, का? तिनं दोन काड्या निवडल्या आणि म्हणाली, “मी डोळं मिटल्यालं हुतं रं. त्यो मल्लाप्पा बाहीर वरडाय लागला, पाय सरकला, पाय सरकला. पोरगं वर लटकलंय आन मी टीव्ही बघू व्हय? वरडले दिसली म्हनून, तू उतरावास म्हनून. तर तू मेल्या उतरंनास.” मी तसाच उठून जोतिबाकडं गेलो. त्यानं मशीन थांबवलं, सुईत दोरा ओवल्यासारखं केलं आणि म्हणाला, “तुमच्या आईनं, शेवंताक्कांनीच वळखली म्हटल्यावर आम्ही न्हाय कसं म्हणायचं? मुली गेल्या खऱ्या. लई झोकात गेल्या. पण सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या.” बायाक्का आणि अंबुबाई आईकडं बघत होत्या. जया खिडकीतून माझ्याकडं बघत होती. थोडक्यात दाजी, घर भरून माणसं बसली होती, चित्र काचेसारखं होतं, विशाखा त्यातून नक्की गेली, आणि आमच्यापैकी एकानंही तिला बघितली नाही. मी पत्र फाडून नवं लिहिणार होतो, पण एवढी पानं पुन्हा लिहायचं खांद्याच्या जिवावर येतं. तुम्ही मागची तीन उत्तरं तेवढी वाचली नाहीत असं समजा.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे यासाठीच हे पत्र आजच टपालात टाकतोय : विशाखा दिल्लीहून येत्या आठवड्यात परत येते आणि तुम्ही बेळगावला उतरवून घेऊन तिला परस्पर गुंजीला नेणार, असं कळलं. कृपा करून तसं करू नका. एक दिवसासाठी तिला निपाणीला आणा. गणवेश पेटीत असेल तसाच आणा, धुऊ नका, इस्त्री जोतिबा करून देणार आहे. आमच्या गल्लीच्या तोंडापासून घराच्या दारापर्यंत तिनं दिल्लीत चालली तशी एकदा चालून दाखवायचं, बस, एवढंच. सलामीला मान आईच्या बाजूला वळवली तर उत्तम. आईची अट एकच आहे, ती लिहितो म्हणजे काम संपलं: विशाखा चालत असताना मी जमिनीवर, आईच्या शेजारी, सतरंजीवर बसलेलो पाहिजे, आणि माझा हात तिच्या हातात पाहिजे.